फुगा बोलत नाही, पण ऐकतो: फँटसी शॉर्ट फिल्म पाहायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात महोत्सवातल्या शॉर्ट फिल्म पाहून लोक बाहेर पडतात तेव्हा दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘लई भारी हुती!’ आणि ‘काय कळली न्हाई बघ.’ फिल्म फँटसी असली की दुसऱ्या वाक्याचं प्रमाण वाढतं. दोन्ही वाक्यं प्रामाणिक आहेत, पण त्यांच्यापुढं बोलणं सरकत नाही. भारी होती म्हणजे नेमकं काय भारी होतं? कळली नाही, तर कुठल्या क्षणी हातातून सुटली? एवढं सांगता आलं तरी पाहण्यातली मजा कितीतरी वाढते. त्यासाठी कोर्स लागत नाही की जाडजूड पुस्तक. थोडी शिस्त लागते आणि एकच फिल्म दोनदा पाहायची तयारी लागते. ज्यांनी आजवर अशी फिल्म मुद्दाम बसून पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी हा लेख.

व्याख्येत फार अडकायला नको. ऑस्करच्या नियमाप्रमाणं श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांपर्यंतची फिल्म ‘शॉर्ट’ धरतात. आपल्याकडच्या बहुतेक फिल्मा दहा-वीस मिनिटांत आटोपतात. लाइव्ह अ‍ॅक्शन म्हणजे कॅमेऱ्यासमोर खरी माणसं, खऱ्या वस्तू. अ‍ॅनिमेशनचं खातं वेगळं. आणि फँटसी म्हणजे आपल्या जगात घडत नाही असं काहीतरी त्या फिल्मच्या जगात घडतं. त्यासाठी राक्षस, राजवाडा, उडता गालिचा असलाच पाहिजे असं नाही. एक फुगा पुरतो.

‘फँटसी आहे, त्यात काय, काहीही दाखवता येतं,’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्याशी माझं भांडण आहे. अद्भुतालाही हिशेब असतो. काहीही दाखवता येतं, म्हणूनच काय दाखवायचं नाही हे दिग्दर्शकाला आधी ठरवावं लागतं. तो हिशेब कसा तपासायचा, एवढंच पुढं सांगतोय.

पहिली फिल्म कोणती घ्यावी

सुरुवात ‘द रेड बलून’पासून करा. अल्बेर लामोरिस या फ्रेंच दिग्दर्शकाची १९५६ सालची ही फिल्म ३४ मिनिटांची आहे. पॅरिसमधल्या एका लहान मुलाला शाळेला जाताना दिव्याच्या खांबाला अडकलेला लाल फुगा सापडतो, आणि तो फुगा त्याच्या मागं मागं फिरायला लागतो. मुलाचं काम लामोरिसच्याच मुलानं, पास्कालनं केलंय. संवाद जवळजवळ नाहीत. त्यामुळं सबटायटल वाचण्यात डोळे अडकत नाहीत आणि घरातली लहान पोरंही सोबत बसू शकतात. गंमत म्हणजे इतके कमी संवाद असलेल्या या फिल्मला ऑस्कर मिळालं ते मूळ पटकथेसाठी. पटकथा म्हणजे डायलॉग, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं. शेवट मी सांगणार नाही, आणि तुम्हीही आधी शोधू नका.

त्यानंतर जॉर्ज मेलिएसची १९०२ सालची ‘अ ट्रिप टू द मून’, आणि मग एकदम आजच्या काळात उडी मारून वेस अँडरसनची ‘द वंडरफुल स्टोरी ऑफ हेन्री शुगर’. ही २०२३ची, ३९ मिनिटांची. लाइव्ह अ‍ॅक्शन शॉर्ट फिल्मचं ऑस्कर तिला मिळालं. या तिन्हींमध्ये मिळून अद्भुत दाखवायच्या तीन अगदी वेगळ्या तऱ्हा पाहायला मिळतात. क्रम हाच ठेवा. हेन्री शुगर पहिल्यांदा पाहिली तर ‘हे सगळे भराभर नुसते बोलतच का सुटलेत’ असं वाटून बंद करण्याचा धोका आहे.

फोनवर पाहू नका. ‘द रेड बलून’मधलं पॅरिस करडं-निळसर आहे, आणि त्यात तो फुगा तेवढा तकतकीत लाल. रंगाचा हा सगळा खेळ दिवसाउजेडी तळहाताएवढ्या पडद्यावर वाया जातो. टीव्हीला जोडा, दिवे घालवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि ‘एंडिंग एक्स्प्लेन्ड’ छापाचे व्हिडिओ आधी तर नाहीच, नंतरही आठवडाभर नकोत. दुसऱ्यानं सोडवलेलं कोडं वाचून आपल्या हाती काही लागत नाही.

पहिल्या वेळी फक्त बघा

भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ रसांपैकी अद्भुत हा एक, आणि त्याचा स्थायी भाव विस्मय. विस्मयाला थोडी मोकळी जागा लागते. पहिल्या वेळी फिल्म थांबवू नका, मागं-पुढं करू नका, शेजारी बसलेल्या काकांनी ‘हे कसं काय शक्य आहे?’ असं पुटपुटायला सुरुवात केली तर त्यांच्या हातात शेंगदाण्याची वाटी द्या.

संपल्या संपल्या कागदावर तीन गोष्टी लिहा. कुठं डोळे मोठे झाले, कुठं शंका आली आणि कुठं कंटाळा आला. कंटाळ्याची ओळ लाजून गाळायची नाही. ऑस्कर मिळालेल्या फिल्मचा कंटाळा आला असं म्हणायला लोक बिचकतात, पण वीस मिनिटांच्या फिल्ममध्ये दोन मिनिटांचा कंटाळा ही मोठी खूण असते. दुसऱ्या वेळी तिथंच नीट बघायचं: दिग्दर्शक तिथं मुद्दाम थांबला होता, की त्याच्याजवळचं संपलं होतं?

मग नियम शोधा

चांगली फँटसी फिल्म पहिल्या काही मिनिटांतच तिच्या जगाचा नियम सांगून टाकते. शब्दांत नव्हे, घडणाऱ्या गोष्टींतून. ‘द रेड बलून’मध्ये फुगा बोलत नाही, पण मुलाचं ऐकतो. तो आज्ञाधारक कुत्र्यासारखा नाही. त्याला स्वतःची मर्जी आहे, तो खोड्या काढतो, हातात येता येता निसटतो. पण त्याला तोंड फुटत नाही, तो काही वर देत नाही, खजिना दाखवत नाही. बसमध्ये फुगा घेऊन चढू देत नाहीत तेव्हा मुलाला शाळेपर्यंत पळत जावं लागतं. पाऊस आला की तो येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या छत्रीखाली फुग्यासाठी आसरा शोधतो. म्हणजे एवढा जादूचा फुगा, पण पावसापासून त्याला जपायला लागतं. फुगा शेवटपर्यंत फुगाच राहतो, पातळ रबराचा, टाचणीला भिणारा. म्हणून तो गल्लीत वळताना दिसला की आपला जीव वर-खाली होतो. लामोरिसनं त्याला न फुटण्याची जादू दिली असती तर आपण पहिल्या दहा मिनिटांत निर्धास्त झालो असतो, आणि फिल्म संपली असती.

आता वहीत हे वाक्य पूर्ण करा: ‘या जगात बाकी सगळं आपल्यासारखंच, फक्त…’ गाळलेली जागा एका दमात भरता आली तर फिल्मचा पाया पक्का आहे. दोन-तीनदा ‘आणि शिवाय’ म्हणावं लागलं तर सावध व्हा. तीन तासांच्या सिनेमात जादूचे दहा नियम समजावून सांगायला वेळ असतो. पंधरा मिनिटांत एकच नीट पेलतो. आपल्याकडच्या नवख्या फिल्मा बहुतेक इथंच घसरतात: नायिकेला भविष्य दिसतं, तिच्याकडं ताईत आहे, ताइताला शाप आहे, आणि शेवटी कळतं की ती मेलेलीच होती.

नियम सापडला की तो कुठं मोडला का ते बघा. मोडला असेल तर मुद्दाम मोडला, की अडचणीतून सुटायला मोडला? पाऊणभर फिल्म ज्याला भिंतीपलीकडं जाता येत नव्हतं, तो शेवटी नेमका गरजेच्या वेळी भिंतीतून आरपार गेला, तर ती लबाडी. पण त्या भिंतीतून जाण्यासाठी त्याला काहीतरी गमवावं लागलं असेल, तर प्रकरण वेगळं. जादूची किंमत कोण भरतं, हे प्रत्येक फिल्मला विचारायचं.

याहून मला आवडणारा प्रश्न म्हणजे, फिल्ममधले बाकीचे लोक त्या अद्भुताकडं कसं बघतात? नवखे प्रेक्षक जादूकडंच बघत राहतात. दुसऱ्या वेळी जादूच्या आजूबाजूच्या माणसांकडं बघा. ‘द रेड बलून’मधल्या मोठ्या माणसांना फुग्याचं नवल फारसं वाटतच नाही. त्यांना तो अडचण वाटतो. घरातून त्याला खिडकीबाहेर काढलं जातं, शाळेत आणि चर्चमध्येही त्याला थारा मिळत नाही. चमत्कार डोळ्यांसमोर असताना लोक शिस्तीचं काय ते बघतायत, आणि लामोरिसला जे म्हणायचंय ते इथं आहे, एकही वाक्य न उच्चारता. आपल्याकडं असा फुगा केएमटीच्या बसमध्ये चढला असता तर कंडक्टरनं बहुधा अर्धं तिकीट मागितलं असतं आणि विषय संपवला असता. त्यातून कोल्हापूरबद्दल काहीतरी कळलं असतं.

हा प्रश्न अंगवळणी पडावा म्हणून एक छोटा सराव करा. रंकाळ्यावर जा, संध्याकाळची गर्दी बघत बसा आणि मनात एक नियम धरा: आज सूर्य मावळेपर्यंत प्रत्येकाची सावली त्याच्या दोन पावलं पुढं चालणार. आता हे सर्वांत आधी कुणाच्या लक्षात येईल? भेळवाला हात थांबवेल का? फिरायला आलेल्या आजोबांच्या गटात यावरून वाद कसा पेटेल? सेल्फी काढणाऱ्यांना कळेल तरी का? पाच मिनिटांत तुमच्याजवळ एक फिल्म तयार होते, आणि दिग्दर्शकाला किती निर्णय घ्यावे लागतात याचा अंदाज येतो.

नियमाची दुसरी बाजू म्हणजे बाकीचं जग किती खरं आहे. इथं शॉर्ट फिल्मचं कुंपण ओलांडून एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या जवळचं आहे. ‘संत तुकाराम’ (१९३६) करणारे दामले आणि फत्तेलाल हे कोल्हापुरात दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. त्या चित्रपटात तुकोबांना वैकुंठाला न्यायला आकाशातून भला मोठा गरुड उतरतो. तो आज पाहताना यंत्रासारखा दिसतो, पण खोटा वाटत नाही. कारण त्याआधी आपण जिजाईचा संसार पाहिलेला असतो: उपाशी पोरं, म्हैस, देवावरचा तिचा राग, नवऱ्यावरचा जीव. ती म्हैस नसती तर तो गरुड नुसता देखावा राहिला असता. कुठल्याही फँटसी फिल्ममध्ये ही म्हैस शोधायची.

युक्ती शोधा, बिनधास्त

‘ट्रिक कळली की मजा जाते’ असं बरेच जण म्हणतात. कोल्हापूरकरांनी तरी असं म्हणू नये. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आठवा. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. हे सूर्याच्या वर्षभराच्या सरकण्याचं आणि देवळाच्या दिशेचं गणित आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. वाटेत कुठल्या इमारतीचा अडथळा येतो, हवेत बाष्प किती आहे, यावर चर्चा झडतात, पेपरात मिनिटामिनिटाचा तपशील येतो. आणि एवढं सगळं ठाऊक असलेली माणसं किरण वर चढायला लागलं की श्वास रोखून उभी असतात. हिशेब कळल्यानं विस्मय आटला असता तर ती गर्दी कधीच ओसरली असती.

तेव्हा दुसऱ्यांदा पाहताना युक्ती शोधायचीच. जुन्या युक्त्यांपासून सुरुवात केलेली बरी, कारण त्या डोळ्यांना पकडता येतात.

मेलिएस मुळात जादूगार. पॅरिसमध्ये त्याचं स्वतःचं जादूचं थिएटर होतं. त्यानं स्वतः सांगितलेली हकीकत अशी की रस्त्यावर चित्रण करताना त्याचा कॅमेरा अडकला, मिनिटाभरानं पुन्हा चालू झाला, आणि नंतर फिल्म दाखवली तेव्हा पडद्यावर एका बसची अचानक शववाहिका झाली. कॅमेरा थांबवायचा, समोरची वस्तू बदलायची, पुन्हा चालू करायचा. ‘अ ट्रिप टू द मून’मध्ये चंद्रावरच्या प्राण्यांना छत्रीचा फटका बसतो आणि त्यांचा नुसता धूर होतो, ती हीच युक्ती. फटका आणि धूर यांच्यामधला सांधा शोधा. बारकाईनं पाहिलं तर बाकीच्या नटांची जागा केसभर हललेली दिसते. तो सांधा सापडल्यावर होणारा आनंद विस्मयाच्याच जातीचा आहे, असं माझं मत.

ही फिल्म पाहताना एक व्यावहारिक सूचना. मूकपटाच्या प्रती वेगवेगळ्या वेगानं चालवलेल्या असतात, त्यामुळं कुठं ती तेरा मिनिटांची दिसेल, कुठं पंधराची. माणसं मुंग्यांसारखी धावत असतील तर प्रत घाईची आहे, दुसरी शोधा. संगीत नंतर जोडलेलं असतं, ते बंद केलं तरी चालेल. हातानं रंगवलेली एक प्रत १९९३ साली बार्सिलोनात सापडली आणि बरीच वर्षं खपून २०११ मध्ये ती पाहण्याजोगी केली गेली. आधी कृष्णधवल पाहा, मग रंगीत. कुंचल्यानं एकेका चौकटीत भरलेला रंग थरथरतो. ती थरथर दोष म्हणून नव्हे, काम म्हणून बघा.

आता हीच युक्ती स्वतः करून बघा. व्याख्यानं ऐकण्यापेक्षा हा अर्धा तास जास्त शिकवतो. गच्चीवर फोन ट्रायपॉडवर घट्ट बसवा. ट्रायपॉड नसेल तर विटांवर टेकवा. एका मित्राला उडी मारायला सांगा, तो हवेत असतानाच रेकॉर्डिंग ‘पॉज’ करा, त्याला बाजूला घ्या, पुन्हा चालू करा. मित्र हवेत विरघळतो. बाकी कुणी चौकटीत असेल तर त्यानं तेवढा वेळ पुतळा व्हायचं. मग फिल्म लावून बघा काय काय चुकलं ते. ढग सरकलेला असतो, उजेड एकदम बदलतो, मागच्या दोरीवरचा वाळत घातलेला टॉवेल झटक्यात हातभर उडालेला असतो. रंकाळ्याच्या वाऱ्यात तर हे करूच नका. बंद जागा आणि रंगवलेले पडदे मेलिएसला का सोयीचे होते, हे त्या टॉवेलकडं बघून चटकन पटतं.

रंगवलेल्या पडद्यांचा विषय निघाला की बोट आपल्याच गावाकडं वळतं. बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवत सिनेमाकडं आले, कॅमेरा स्वतः तयार केला, आणि १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ आला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की त्यावर कात्री चालली. १९२९ मध्ये त्यांच्याच तालमीतल्या मंडळींनी इथं ‘प्रभात’ फिल्म कंपनी सुरू केली. १९३२ चा ‘माया मच्छिंद्र’ हा नाथपंथी अद्भुतकथेवरचा बोलपट कोल्हापुरातच झाला, आणि पुढच्या वर्षी कंपनी पुण्याला गेली. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापाशी सिग्नलला थांबलात तर एवढं आठवा. अद्भुत पडद्यावर उभं करायचं काम या गावात शंभर वर्षांपूर्वी कुंचला, लाकूड आणि खिळे घेऊन चालायचं.

म्हणून ‘हेन्री शुगर’ पाहताना कोल्हापूरच्या माणसाला परकं वाटायचं कारण नाही. गोष्ट लेखक रोआल्ड डालची: डोळे न वापरता बघता येणाऱ्या माणसाची, आणि ती विद्या शिकून जुगारात जिंकायला निघालेल्या श्रीमंताची. अँडरसन ती चक्क नाटकासारखी मांडतो. भिंती आपल्यासमोर सरकतात, कामगार येऊन वस्तू नटांच्या हातात देतात, नट आपल्याकडं बघून गोष्ट सांगतात आणि मध्येच वळून ‘तो म्हणाला’ असंही स्वतःच म्हणतात. एक योगी जमिनीपासून अधांतरी बसलेला दिसतो. तो बसलाय एका पेटीवर, आणि पेटीवर मागच्या देखाव्याचंच चित्र रंगवलंय. एवढीच युक्ती! संगणकानं हे काम सहज केलं असतं. पण पेटी आपल्याला कळते, आणि कळूनही आपण ‘अधांतरी आहे’ हे मान्य करतो. तमाशात एक गिरकी मारली की मथुरेचा बाजार येतो, मिशीवाला गडी पदर घेऊन मावशी होतो, आणि कुणी उठून हरकत घेत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी हा करार कधीच केलेला आहे.

बाकीच्या जुन्या युक्त्या पटकन सांगतो. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण केलं की माणूस पारदर्शक होतो. फिल्म उलटी चालवली की फुटलेली कपबशी जुळते. वस्तू कॅमेऱ्याजवळ आणि माणूस दूर ठेवला की कोल्हापुरी चप्पल होडीएवढी दिसते. हे सगळं फोनवर करून बघता येतं.

आजच्या फिल्ममधले इफेक्ट तपासताना मात्र संगणकाचं ज्ञान लागत नाही. राक्षसाकडं बघू नका, नटाच्या डोळ्यांकडं बघा. चित्रण हिरव्या पडद्यापुढं होतं, राक्षस नंतर संगणकावर घालतात; म्हणजे समोर काहीच नसताना तो बघतोय. दोन नट एकाच राक्षसाकडं बघत असताना त्यांच्या नजरा वेगवेगळ्या उंचीवर असतील तर संपलं. त्यानंतर पाय बघा: प्राणी जमिनीला टेकतो तिथं सावली आहे का, धूळ उडते का, गवत दबतं का. मग उजेड: माणसावर डावीकडून ऊन आणि भुतावर उजवीकडून, असं होत नाही ना? या तीन जागा सांभाळलेल्या असतील तर राक्षस थोडा प्लास्टिकचा असला तरी मी माफ करतो.

आवाज

दुसऱ्या वेळी पाच मिनिटं आवाज बंद करून बघा आणि पाच मिनिटं डोळे मिटून ऐका. संगीत काढल्यावर एखाद्या प्रसंगातला विस्मय साफ गायब झाला, तर तो चित्रात नव्हताच. गंभीर कोरस, मागं ढोल, आणि दर दोन मिनिटांनी ‘धडाम’, हा मसाला हल्ली फार झालाय. शांत राहणारी फँटसी दिसली की मी तिच्या बाजूनं आधीच थोडा झुकलेला असतो.

काहीच कळलं नाही तर

सगळ्या फिल्मा नियम उघड करत नाहीत. काही स्वप्नासारख्या चालतात. माया डेरेन आणि अलेक्झांडर हमीद या जोडप्यानं १९४३ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घरी केलेली ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ ही अवघ्या १४ मिनिटांची फिल्म पाहा. एक बाई घरी येते, डुलकी लागते, आणि त्याच घटना थोड्या थोड्या बदलून पुन्हा पुन्हा घडायला लागतात. किल्ली, सुरी, फूल, आणि चेहऱ्याच्या जागी आरसा असलेली काळ्या वस्त्रातली आकृती.

अशा वेळी ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. कोडं समजून सोडवायला गेलात तर डोकं दुखेल. त्याऐवजी परत परत येणाऱ्या वस्तूंची नोंद करा आणि प्रत्येक वेळी त्यांच्यात काय बदललं ते लिहा. किल्ली आधी कुठं होती, नंतर कुठं आली? जिना चढण्याचा वेग कसा बदलला? असं केल्यावर अर्थ हाती लागेलच असं नाही, पण भीती कुठून वाढत गेली ते कळतं. आणि मूळ फिल्म मुकी होती, संगीत १९५९ मध्ये घातलं गेलं. तेव्हा एकदा आवाजाशिवाय आणि एकदा आवाजासकट पाहा.

दोनदा पाहूनही काहीच जाणवलं नाही तर सोडून द्या. तुमच्यासाठी नसेल ती, किंवा फिल्मच फसलेली असेल. दोन्ही होतं.

गावातल्या फिल्मा पाहताना

कोल्हापुरात कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीसारखी मंडळी आहेत, महोत्सव होतो, कॉलेजांत स्पर्धा होतात. आपल्याच भागातल्या पोरांनी केलेल्या फँटसी फिल्मा तिथं भेटतात, आणि शिकायला त्या परदेशी फिल्मांइतक्याच कामाच्या, कारण त्यांतले सांधे जास्त उघडे असतात. मसाई पठारावरच्या पावसाळी धुक्यानं अशा किती फिल्मा तारल्या असतील याला गणती नाही. धुकं फुकट मिळतं आणि कशालाही गूढ करतं. म्हणूनच मी विचारतो: धुकं काढलं तर खाली काय उरतं? पन्हाळ्याचा बुरूज, ड्रोन, स्लो मोशन आणि केस मोकळे सोडलेली मुलगी एवढंच उरत असेल, तर ती अजून फिल्म झालेली नाही.

पैशाची गोष्ट निघतेच. ‘बजेट नव्हतं, समजून घ्या’ हे वाक्य दिग्दर्शकाकडून येतं आणि प्रेक्षकही मान डोलावतात. मला ते अर्धंच मान्य आहे. बजेट नसेल तर राक्षस नीट होणार नाही, हे खरं. पण राक्षस दाखवायचाच कशाला, हा प्रश्न कागदावर असतानाच विचारता येतो आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. दाराआडून आलेली सावली, न हलणाऱ्या माणसाशेजारी हललेला पाळणा, रिकाम्या खुर्चीपुढं वाढलेलं ताट, यांतलं काय निवडलं यावरून फिल्म करणाऱ्याची समज दिसते. परदेशातल्या मोठ्या फिल्मशी तुलना करू नका. तिच्या स्वतःच्या नियमाशी करा.

प्रदर्शनानंतर दिग्दर्शक पुढं येऊन बसला की माइक घेऊन भाषण ठोकणारे दोघं-तिघं असतातच. तुम्ही लहान आणि नेमका प्रश्न विचारा. ‘संदेश काय?’ नको. ‘ती बाई घड्याळ उलटं लावते तेव्हा शेजारीण का हसली?’ हे चालेल. पटलं नसेल तर जागा सांगा: ‘विहिरीच्या शॉटपर्यंत मी सोबत होतो, तिथं सुटलो.’ एवढं ऐकायला मिळालं तर करणाऱ्याला पुढच्या फिल्मसाठी काहीतरी हाती लागतं. ‘छान प्रयत्न’ या शब्दांनी लागत नाही. ओळखीचा पोरगा असेल तर हे चारचौघांत न बोलता बाहेर चहाला नेऊन सांगा.

आणि ‘हे केलं कसं?’ हे विचाराच. बहुतेकजण ते सांगायला टपलेलेच असतात. धूर कशाचा केला, छपरावर दोरी धरून कोण बसलं होतं, कुणाच्या मामाची रिक्षा पाच वेळा मागं घ्यावी लागली, सगळं ऐकून घ्या, आणि फिल्म ऑनलाइन आली की तो शॉट पुन्हा लावून बघा.